परक्याच्या किल्ल्यातला रविवार

बमरोली हे काही कोणी मुद्दाम पाहायला यावे असे गाव नव्हे. सुरतेच्या दक्षिण अंगाला, उधना आणि पांडेसरा यांच्या शेजारी असलेले हे एके काळचे खेडे आज शहराच्या पोटात पार मुरून गेले आहे. येथे राहतो तो बहुतेक मागावर राबणारा माणूस. कोणी ओडिशाचा, कोणी उत्तर प्रदेश-बिहारचा, आणि कोणी आमच्या खानदेशचा. सुरत-भुसावळ लाइनीवरच्या नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव अशा स्टेशनांवर वळकटी घेऊन गाडीत चढलेली माणसे येथे उतरली, आणि मग त्यांच्यामागून त्यांचे भाऊबंद येतच राहिले. मागाच्या कारखान्याला सुरतेत 'खाते' म्हणतात. खात्यातली पाळी बारा तासांची. आवाज असा, की शेजारी उभ्या असलेल्या माणसाशी खुणांनी बोलावे लागते. पाळी सुटली तरी तो आवाज कानातून लवकर सुटत नाही. अशा माणसाला एखाद्या रविवारी शांतता हवीशी वाटली, तर तिला चैन म्हणणे अन्यायाचे होईल.

ही शांतता शोधायला आमच्याकडची मंडळी बहुधा दमणला जातात. उधन्याला गाडीत बसले की सुमारे ९० किलोमीटरवर वापी, आणि वापीहून रिक्षाने बारा-एक किलोमीटर. दमणचे नाव काढले की ऐकणारा डोळा मिचकावतो, कारण गुजरातेत दारूबंदी आणि दमणात ती नाही. तपासणी नाक्याची एक रेघ ओलांडली की अलीकडचा गुन्हा पलीकडे व्यापार होतो. सीमेवर राहणाऱ्या आपणा वाचकांना या गमतीचे नवल वाटणार नाही. पण दमणला जाणारा प्रत्येक जण बाटलीसाठीच जातो हेही खरे नव्हे. बायकापोरांना घेऊन, कळण्याची भाकरी आणि ठेचा फडक्यात बांधून जाणारी कुटुंबेही पुष्कळ. ती नानी दमणच्या गर्दीतून निघून दमणगंगेचा पूल ओलांडतात आणि मोटी दमणच्या किल्ल्यात शिरतात.

तेथे एकदम सगळे निवते. जाड तटबंदी, तिचे दहा बुरूज, आत सरळ रस्ता, दुतर्फा जुनी झाडे. किल्ल्यातच सरकारी कचेऱ्या आहेत. रविवारी त्या बंद. बोम जेझूचे जुने देऊळ आहे. देऊळ म्हणजे चर्च. १६०३ साली त्याचे पवित्रीकरण झाले. आतल्या वेदीवरचे लाकडी कोरीवकाम पाहून सुतारकामाशी संबंध नसलेला माणूसही थबकतो. डॉमिनिकन मठाचे भग्न अवशेष आहेत. बोकाज या पोर्तुगीज कवीला अठराव्या शतकाच्या अखेरीस लष्करी नोकरीवर येथे धाडले होते. त्याला हे गाव मानवले नाही, आणि तो नोकरी टाकून मकावकडे पळाला. जिथून एक कवी कंटाळून पळाला, तिथेच आमचा मागवाला सावलीत पाय पसरून बसतो आणि म्हणतो, काय निवांत वाटते हो!

प्रश्न येथूनच सुरू होतो. हा निवांतपणा कोणाच्या जिवावर उभा आहे? परक्याने जिंकून, बांधून, सोडून दिलेल्या जागेत आपण सुखाने बसावे, हे योग्य काय? सहलीला गेलेल्या माणसाच्या मागे असला प्रश्न लावणे निष्ठुरपणाचे वाटेल. 'एक रविवार मिळतो, तोही सुखाने घालवू देत नाही!' असे कोणी म्हणेल. पण सुखाचे मूळ विचारल्याने सुख नासतेच असे नाही. कधी कधी ते अधिक आपले होते.

प्रथम जागा काय आहे ते नीट पाहू. १५५९ साली विजरई दों कोंस्तांतिनो दे ब्रागांसा याने दमण घेतले. तेथपासून १९६१ च्या डिसेंबरपर्यंत, म्हणजे चारशे वर्षांहून अधिक काळ, तेथे पोर्तुगालचा झेंडा होता. एवढ्या काळात हा किल्ला कशावर जगला? समुद्रावरच्या परवान्यांवर आणि जकातीवर, तसाच व्यापारावर. गुजरातेत विणलेले कापड दीव-दमणच्या व्यापाऱ्यांच्या गलबतांतून मोझांबिकला जाई. तेथे ते कापड देऊन हस्तिदंत घेत, आणि माणसेही घेत. हे गुलाम काही दूरच्या मळ्यांकडे जात, काही दीव-दमणलाही येत. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी माळव्याची अफू इंग्रजांची नजर चुकवून दमणच्या बंदरातून चीनकडे रवाना होऊ लागली. १८४३ मध्ये इंग्रजांनी सिंध घेतला, अफूची वाट अडली, आणि दमणचे बंदर सुस्तावले. आज आपल्याला जी शांतता इतकी गोड वाटते, तिचे एक कारण धंदा बसला हे आहे. बाजार चालू असता तर येथे निवांतपणा नसता.

बमरोलीच्या माणसाने कापडाचा हा धागा विसरू नये. विणणाऱ्याला पुढे त्या कापडाच्या बदल्यात काय घेतले जाते हे तेव्हा ठाऊक नव्हते. आज आपल्या मागावर उतरलेली साडी कोणत्या बाजारात, कोणाच्या अंगावर जाते हे आपल्यालाही ठाऊक नसते. कष्ट करणारा आणि कष्टाचा शेवट पाहणारा, ही दोन माणसे क्वचितच एक असतात.

या प्रश्नाला दोन सोपी उत्तरे नेहमी दिली जातात. पहिले उत्तर अभिमानाचे: ही गुलामीची खूण आहे, तिच्यात रमणे म्हणजे लाचारी. दुसरे उत्तर सौंदर्याचे: झाले ते झाले, आता ती नुसती जुनी सुंदर इमारत आहे, फोटो काढा आणि घरी या. पहिल्यात दगडाला दोषी ठरवले जाते, दुसऱ्यात दगडाला मुके केले जाते. दोन्ही उत्तरांत एक गोष्ट समान आहे: ज्यांनी तो दगड वाहिला आणि ज्यांच्यावर तो उचलला गेला, ती माणसे दोन्हींत नाहीत.

जगात हा पेच आपल्यालाच पडला आहे असे नाही. मेक्सिकोचे उदाहरण घेण्याजोगे आहे, आणि सुरतेला ते वाटते तितके दूरचेही नाही. सोळाव्या-सतराव्या शतकांत मेक्सिको आणि पेरूच्या खाणींतली चांदी युरोपातून आणि मनिलातून पूर्वेकडे वाहत आली. तिचा मोठा ओघ सुरतेत येई, आणि येथल्या मोगली टांकसाळीत वितळून तिचे रुपये होत. म्हणजे सुरतेच्या पेठेत खुळखुळणाऱ्या रुपयात तिकडच्या खाणकामगाराचा घाम मिसळलेला होता. त्या खाणींच्या जोरावर मेक्सिकोत जी गावे उभी राहिली, ती आज राजधानीच्या लोकांची शनिवार-रविवारची विसाव्याची ठिकाणे आहेत. तास्को हे तसेच एक गाव. डोंगरउतारावरची पांढरी घरे, लाल कौले, दगडी गल्ल्या, आणि मधोमध सांता प्रिस्का हे नक्षीदार चर्च. होसे दे ला बोर्दा या चांदीच्या खाणमालकाने ते १७५१ ते १७५८ या काळात आपल्या खर्चाने बांधवले. लोक चौकात बसून थंड पेय पितात आणि त्या मनोऱ्यांकडे पाहतात. त्यांचेही मन निवते.

पण ग्वानाह्वातो या दुसऱ्या खाणीच्या गावाने काय केले ते पाहण्यासारखे आहे. तेथे धान्य साठवण्याची एक प्रचंड दगडी कोठी आहे. सप्टेंबर १८१० मध्ये पाद्री हिदाल्गो याच्या बंडखोर जमावाने ती फोडली, आणि आत आसरा घेतलेल्या स्पॅनिश लोकांची कत्तल झाली. पुढच्या वर्षी बंड मोडले. हिदाल्गो, आयेंदे आणि त्यांचे दोन साथीदार यांची मुंडकी लोखंडी पिंजऱ्यांत घालून त्याच कोठीच्या चार कोपऱ्यांवर टांगली गेली. ती १८२१ पर्यंत, देश स्वतंत्र होईपर्यंत, तेथेच होती. स्वतंत्र मेक्सिकोने ती कोठी पाडली नाही, आणि नुसती रंगवून शोभेलाही ठेवली नाही. आज ते संग्रहालय आहे. गाव हसतेखेळते आहे, रात्री तरुण मुले गाणी म्हणत गल्ल्यांतून फिरतात, आणि कोठीच्या कोपऱ्यांवर त्या चौघांची नावे वाचता येतात. सुख आणि स्मरण यांना एकाच गल्लीत राहता येते, असे त्या गावाकडे पाहून म्हणावेसे वाटते.

याउलट सान मिगेल. आयेंदेचे जन्मगाव म्हणून १८२६ पासून त्याच्या नावाशी त्याचे नाव जोडले गेले. पण अलीकडच्या काळात अमेरिकेतले सुखवस्तू निवृत्त लोक तेथे येऊन स्थायिक झाले, जुन्या वाड्यांच्या किमती चढल्या, आणि पुष्कळ स्थानिक कुटुंबांना गावाच्या मध्यभागी घर परवडेनासे झाले. गाव देखणे राहिले, पण गावकरी कडेला सरकले. आपण हे ध्यानात ठेवू, कारण पुढे दमणला परत आल्यावर ते लागणार आहे.

त्याआधी मात्र आपल्या घरात डोकावले पाहिजे. परक्याच्या किल्ल्याबद्दल बोलताना मराठी माणसाला स्वतःला नेहमी पीडितांच्या रांगेत उभे करण्याची सवय आहे. सुरतेत राहणाऱ्या मराठी माणसाला ही सवय फार दिवस टिकवता येत नाही. १६६४ च्या जानेवारीत आणि १६७० च्या ऑक्टोबरात शिवाजी महाराजांनी सुरतेवर चाल केली. आपण त्या मोहिमेकडे राज्यरक्षणाच्या दृष्टीने पाहतो, आणि त्याला आधार आहे. शाहिस्तेखानाने तीन वर्षे पुणे प्रांत तुडवला होता, रयत उजाड झाली होती, आणि सुरत ही मोगलांची तिजोरी होती. बर्निए या फ्रेंच प्रवाशाने लिहून ठेवले आहे की, महाराजांनी कापुचिन पाद्र्याच्या निवासाला हात लावू दिला नाही, आणि डच कंपनीच्या एका दिवंगत हिंदू दलालाचे घर, तो मोठा दानशूर होता म्हणून, वगळले. ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो, सांगावीच. पण वीरजी वोरासारख्या सावकाराची पेढी लुटली गेली, वस्तीचा मोठा भाग जळाला, आणि त्यात सामान्य माणसाची घरे होती, हेही तितकेच खरे. आमच्या शेजारच्या गुजराती कुटुंबांत ती हकिगत वेगळ्या स्वरात सांगितली जाते. जिन्यात भेटलो की आम्ही एकमेकांना 'केम छो' विचारतो, आणि दोघांच्याही घरात भिंतीवर महाराजांची तसबीर असू शकते. पण गोष्ट एक असली तरी स्वर दोन असतात.

दुसरी गोष्ट तर दमणच्या अंगणातलीच आहे. दमणपासून जवळच दादरा आणि नगर हवेली. १९५४ साली तो मुलूख पोर्तुगिजांच्या हातून सोडवणाऱ्यांत मराठी स्वयंसेवक होते. सुधीर फडके, राजा वाकणकर, बाबासाहेब पुरंदरे ही नावे आपल्याला पाठ आहेत. २ ऑगस्ट १९५४ ला सिल्वासा मुक्त झाले. हा अध्याय उजळ आहे, यात शंका नाही. पण ती गावे पोर्तुगिजांच्या हाती गेली कशी? १७७२ मध्ये मराठी आरमाराने सांताना नावाचे एक पोर्तुगीज जहाज पकडले. त्या नुकसानीचा आणि पुढच्या मैत्रीच्या तहाचा हिशेब मिटवताना पेशव्यांनी १७७९ च्या कराराने काही गावांचा वसूल पोर्तुगिजांना देऊ केला, आणि १७८३ व १७८५ मध्ये नगर हवेली आणि दादरा त्यांच्याकडे गेली. पुढे हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात पोर्तुगालने भारताविरुद्ध दावा लावला तेव्हा हाच कागद निघाला. पेशव्यांनी सार्वभौमत्व दिले नव्हते, सरंजामी पद्धतीने फक्त वसूल दिला होता, असे न्यायालयाने १९६० च्या निकालात मानले. कायद्याच्या दृष्टीने हा भेद मोठा आहे. पण ज्या वारली, कोकणा आणि धोडिया माणसाच्या कणगीतून तो वसूल निघत होता, त्याला त्या दिवशी कोणी विचारले होते काय? एका जहाजाच्या भरपाईपोटी त्याचे गाव कागदावर इकडून तिकडे गेले. देणारे आपण होतो, घेणारे ते होते, आणि तो मात्र दोन्हीकडे नुसता आकडा होता. एकशे सत्तर वर्षांनी आपण ती गावे सोडवली हे थोर. ती अडकवली कोणी, हेही त्याच वाक्यात यायला हवे.

वसईचीही तीच कथा. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. तिथल्या चर्चमधल्या घंटा विजयाची खूण म्हणून आपल्या देवळांत आल्या. वाईजवळच्या मेणवलीची घंटा त्यांतलीच. गावकऱ्यांना ती आता आपलीच वाटते, तीत कोणाला काही वावगे दिसत नाही. पण मेणवलीच्या घाटावर बसून 'परक्यांच्या खुणा पुसून टाका' असे म्हणणारा माणूस डोक्यावर टांगलेल्या घंटेकडे पाहत नसतो, एवढे मात्र खरे.

मग उत्तर काय? सर्वांचेच हात मळलेले, म्हणून कोणीच कोणाला काही विचारू नये, असे काय? असे म्हणणे म्हणजे प्रश्न मिटवणे नव्हे, प्रश्न बुडवणे होय. येथे मला आपल्या जुन्या धर्मशास्त्रातल्या ऋणविचाराचा आधार घ्यावासा वाटतो. याज्ञवल्क्य स्मृतीच्या व्यवहाराध्यायात कर्ज कोणी फेडावे याची चर्चा आहे. मुलाने बापाचे कर्ज फेडावे हे आपल्याला ठाऊक असते. पण तेथे आणखी एक नियम आहे: मृताची मालमत्ता जो घेईल, त्याच्याकडून कर्ज वसूल करावे. रक्ताचे नाते असो वा नसो, ज्याने घरदार घेतले त्याने देणेही घ्यावे. बापाने जुगारात वा दारूत केलेले कर्ज मुलावर बसत नाही, अशी सवलतही शास्त्राने ठेवली होती. पुढे इंग्रजी अमदानीतल्या न्यायालयांनी हा विचार हिंदू कायद्यात चालवला, आणि २००५ च्या दुरुस्तीनंतर केवळ पुत्र म्हणून बापाच्या नव्या कर्जाला जबाबदार धरण्याची वाट बंद झाली. कायद्याने वाट बंद केली तरी विचाराचे मोल जात नाही.

हा नियम आपल्या प्रश्नाला लावून पाहू. आपण पोर्तुगिजांचे वंशज नाही. दमणच्या किल्ल्यात झालेल्या कोणत्याही पापाचा दोष आपल्या रक्तात नाही. त्यासाठी मान खाली घालून फिरण्याचे कारण नाही. दोष वंशाने येत नाही, म्हणून लाजही वंशाने येत नाही. पण किल्ल्याची सावली, तटावरचा वारा, ती शांतता आज कोण घेतो? आपण घेतो. १९६१ च्या डिसेंबरात मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनने दमण सोडवले, १९ तारखेला पोर्तुगीज गव्हर्नर शरण आला, आणि ती मालमत्ता आपल्याकडे आली. मालमत्ता घेणारे आपण, तेव्हा तिच्यावरचे देणेही आपले. तीच गोष्ट सुरतेची आणि नगर हवेलीची. पराक्रमाचा अभिमान ही मालमत्ताच आहे. ती आपण आनंदाने घेतो. तिच्यावर काही देणे असेल तर ते नाकारून चालणार नाही. वारशातले मधुर तेवढे आपले आणि कडू ते दुसऱ्याचे, अशी वाटणी कोणताही पंच मान्य करणार नाही.

एक आक्षेप येथे हटकून येईल. देणे कोणाला द्यायचे? मोझांबिकहून आणलेला तो माणूस कुठे आहे? तट बांधणारा पाथरवट कुठे आहे? ते गेले, त्यांची नावेही उरली नाहीत. खरे आहे. मेलेल्याचे देणे मेलेल्याला पोचवता येत नाही. पण म्हणून ते माफ होत नाही. ते जिवंत माणसांच्या नावे चढते. जागेचा जो आज रहिवासी आहे, जागेच्या सुखाची किंमत जो आज भरतो आहे, तो आपला धनको.

दमणला असा माणूस शोधावा लागत नाही. मोटी दमणच्या ख्रिस्ती वस्तीत अजून पोर्तुगीज मिश्रित क्रिओल बोली बोलणारी घरे आहेत. बोलणारे थोडे राहिले आहेत, तरी बोली जिवंत आहे. परक्याने लादलेल्या राजवटीतून एक नवीच घरची भाषा जन्माला आली; तिला परकी म्हणावे की येथलीच? शिवाय १९६१ पूर्वी दमणात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलानातवांना पोर्तुगालचे नागरिकत्व मागता येते. त्या कागदाच्या बळावर दमण-दीवची हजारो माणसे युरोपात गेली, आणि इंग्लंडातल्या लेस्टर शहरात त्यांची मोठी वस्ती झाली. ज्याला आपण गुलामीची खूण म्हणतो, तो कुणाच्या घरी पेटीत जपून ठेवलेला आजोबांचा जन्मदाखला आहे, आणि त्यावर घर चालते. खानदेशातून बमरोलीला आलेल्या माणसाने त्याला हसू नये. पोटासाठी गाव सोडणे म्हणजे काय हे त्याला दुसऱ्या कोणी शिकवायला नको.

आणि मच्छीमार. दमणच्या किनाऱ्याचे खरे जुने धनी ते. नोव्हेंबर २०१९ मध्ये मोटी दमणच्या दीपगृहाकडच्या किनाऱ्यावरची मच्छीमार कुटुंबांची घरे सरकारी जमिनीवरील अतिक्रमण ठरवून प्रशासनाने पाडली. लोकांनी विरोध केला, जमावबंदी लागू झाली. जमिनीचा कागद कोणाच्या बाजूचा, हा कचेरीचा आणि न्यायालयाचा विषय आहे, आणि कागद न पाहता त्यावर निकाल देण्याचा मला अधिकार नाही. पुढे दमणचे किनारे पर्यटकांसाठी सजवले गेले. नानी दमणच्या बाजूला देवक्याला सुमारे पाच किलोमीटरचा सुंदर समुद्रमार्ग झाला, आणि एप्रिल २०२३ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. तो किनारा वेगळा, ही घरे वेगळी. दोहोंची गल्लत करू नये. पण एक विचार टाळता येत नाही. किनारे मोकळे हवेत, स्वच्छ हवेत, वाळत घातलेली जाळी आणि बोंबलाचा वास नको, अशी मागणी कोणाची असते? ती रविवारी येणाऱ्याची असते. ती आपण अर्ज लिहून करत नाही. आपल्या नाकाला लावलेला रुमाल तेवढे काम करतो.

सान मिगेलची गोष्ट येथे आठवावी. तेथे कोणी तलवार घेऊन आले नाही. शांतताप्रिय, सौंदर्यप्रेमी, सुसंस्कृत माणसे आली. त्यांना गाव फार आवडले, आणि त्या आवडीनेच गावकरी कडेला सरकला. साम्राज्याला गाव हवे असते ते वसुलासाठी, आणि आपल्या निवांतपणाला हवे असते ते दृश्यासाठी. दोघांनाही त्या गावातली माणसे अधूनमधून अडचणीची वाटतात. हे साम्य अस्वस्थ करणारे आहे. आपल्या सुखाची कसोटी येथे लागते. ज्या निवांतपणाला दुसऱ्याचे असणे खुपते, तो निवांतपणा जुन्या विजरईच्याच जातीचा, मग तो घेणारा कितीही गरीब असो.

म्हणून बमरोलीच्या माणसाने दमणला जाऊ नये काय? जरूर जावे. मी तर म्हणेन की त्या किल्ल्यावर त्याचा हक्क इतर पुष्कळांपेक्षा अधिक आहे. तो किल्ला विजरईच्या हुकमाने झाला असेल, पण चुना मळणारे, दगड वाहणारे हात त्याच्यासारख्याच कोणाचे होते. चारशे वर्षे ज्या झाडांखाली राबणाऱ्याला बसायची मुभा नव्हती, तिथे आज एक मागवाला आपल्या बायकोपोरांसह भाकरी सोडून बसतो, यात इतिहासाचा थोडासा न्याय आहे. विश्रांती हा भोग नव्हे. ती कष्टाची दुसरी बाजू आहे. ती कोणी भीक म्हणून देत नाही आणि तिची लाजही वाटायला नको.

फक्त तिची किंमत ठाऊक असावी, आणि ती आपल्या परीने भरावी. ही किंमत काही फार नाही. देवळात प्रार्थना चालू असेल तर पायतळी आवाज न करता मागे उभे राहावे, कॅमेरा खिशात ठेवावा. वाळूत बाटल्या फोडून येऊ नये. सकाळी त्या काचांवर अनवाणी पाय पडतो तो होडी ओढणाऱ्याचा. मुलाने विचारले, 'बाबा, हे कोणी बांधले?' तर 'पोर्तुगिजांनी' एवढ्यावर थांबू नये. बांधवले पोर्तुगिजांनी, बांधले येथल्या माणसांनी, आणि पैसा आला तो कापडातून, अफूतून, माणसांच्या विक्रीतून, असे सांगावे. मूल समजेल तितके समजेल. त्याच मुलाला सुरतेच्या स्वारीची गोष्ट सांगताना दानशूर दलालाचे घर वगळल्याची हकिगत सांगावी, आणि जळलेल्या घरांचीही सांगावी. महाराजांचे मोठेपण दोन्ही ऐकून कमी होईल असे ज्याला वाटते, त्याला ते मोठेपण पुरते कळलेले नाही. आणि उद्या आपल्या सुखासाठी म्हणून कोणाचे छप्पर हलणार असेल, तर 'आम्ही हे मागितलेले नाही' एवढे तरी मोठ्याने म्हणावे. आपल्या नावावर होणारा खर्च आपल्याला न विचारता होऊ देऊ नये.

बमरोलीच्या खाडीकाठचे शेडही उद्या बंद पडतील. मागांचा आवाज थांबेल, पत्रे काढले जातील, आणि कदाचित शे-दोनशे वर्षांनी कोणी परगावचे कुटुंब रविवारी येऊन त्या पडक्या भिंतींच्या सावलीत बसेल. त्यांनाही तेथे फार शांत वाटेल. त्यांनी तसे वाटून घेण्याला आपली हरकत असण्याचे कारण नाही. डबा उघडताना त्यांनी एकदा विचारले, की येथे कोण राबत होते आणि किती तास, तर आपल्याला तेवढे पुरे.